इंग्रजीत रुळलेल्या यिडिश शब्दांचे मूळ कसे शोधावे

अमेरिकी मालिका, विनोदी कार्यक्रम किंवा न्यूयॉर्कमध्ये घडणाऱ्या कादंबऱ्या यांतून 'श्लेप', 'श्मूझ', 'हुत्स्पा', 'क्लट्झ', 'नॉश' असे शब्द मराठी वाचकाच्या कानावर अधूनमधून पडत असतात. कुतूहलाने शब्दकोश उघडावा, तर बहुतेक शब्दांपुढे 'यिडिशमधून' एवढीच नोंद दिसते आणि शोध तिथेच थांबतो. वास्तविक तो तिथून सुरू व्हायला हवा, कारण यिडिश ही स्वतःच जर्मन बोली, हिब्रू-अरामी, स्लाव्ह भाषा आणि थोड्या प्रमाणात जुन्या फ्रेंच-इटालियन बोली यांतून शब्द घेऊन घडलेली भाषा आहे. तेव्हा एखादा शब्द यिडिशमधून आला हे कळल्यावर तो यिडिशच्या कोणत्या थरातला आहे, कोणाच्या तोंडून आणि केव्हा इंग्रजीत उतरला, आणि वाटेत त्याचा अर्थ कुठे वळला, हे पाहणे उरतेच. भाषाशास्त्राचे शिक्षण नसलेल्या, पण व्युत्पत्तीची आवड असलेल्या वाचकाला हे काम कसे करता येईल, याची पद्धत पुढे क्रमाने दिली आहे.

आधी भाषेची ओळख करून घ्यावी

सुमारे हजार वर्षांपूर्वी ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यात, माइन्झ, वर्म्स आणि श्पायर या शहरांच्या आसपास राहणाऱ्या ज्यू समाजाच्या तोंडी स्थानिक जर्मन बोलींना जे रूप आले, ते यिडिशचे मूळ होय. ही भाषा हिब्रू लिपीत, उजवीकडून डावीकडे लिहितात. काळाचा उल्लेख असलेले तिचे सर्वांत जुने वाक्य १२७२ सालच्या 'वर्म्स माखझोर' या हस्तलिखित प्रार्थनाग्रंथात सापडते. एका मोठ्या हिब्रू शब्दाच्या अक्षरांमधील मोकळ्या जागेत लेखनिकाने एक यमकबद्ध आशीर्वाद लिहून ठेवला आहे: हा ग्रंथ जो उचलून प्रार्थनामंदिरात नेईल, त्याला चांगला दिवस लाभो. या ओळीची घडण जर्मन आहे. 'ग्रंथ' आणि 'प्रार्थनामंदिर' यांसाठीचे शब्द मात्र हिब्रू आहेत. यिडिशची पुढची सगळी वाटचाल या एका ओळीत आधीच दिसते, म्हणून नवशिक्याने ती ध्यानात ठेवावी.

मध्ययुगाच्या उत्तरार्धात हा समाज मोठ्या संख्येने पूर्वेकडे पोलंड, लिथुएनिया, युक्रेन या प्रदेशांत सरकला आणि भाषेत स्लाव्ह शब्दांची भर पडली. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी यिडिश बोलणाऱ्यांची संख्या सुमारे एक कोटी दहा लाख होती. नाझींनी मारलेल्या साठ लाख ज्यूंपैकी बहुसंख्य यिडिशभाषक होते.

मराठी वाचकाने येथे एक गोष्ट स्पष्ट ठेवावी. ज्यू म्हणजे यिडिश बोलणारा, असे समीकरण नाही. कोकणातील बेने इस्रायल समाजाची मातृभाषा मराठी आहे आणि मुंबई-पुण्यातील बगदादी ज्यूंची जुनी घरगुती भाषा अरबीचे एक रूप होती. यिडिश ही मध्य आणि पूर्व युरोपातील ज्यूंची, म्हणजे अश्कनाझी समाजाची भाषा आहे.

पहिली पायरी: शब्द कोणत्या दाराने आला ते पाहावे

इंग्रजीत यिडिश शब्दांना मुख्यतः दोन दारे मिळाली, एक लंडनचे आणि दुसरे न्यूयॉर्कचे. लंडनचे दार जुने आहे. 'गॉनफ' म्हणजे चोर हा शब्द तिथल्या गुन्हेगारांच्या बोलीत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच होता, आणि १८५२-५३ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या डिकन्सच्या 'ब्लीक हाउस'मध्ये एक पोलीस शिपाई रस्त्यावरच्या पोराला उद्देशून तो वापरतो. शतकाच्या शेवटी पूर्व लंडनमधील व्हाइटचॅपल परिसर स्थलांतरित ज्यूंनी भरला. त्याच समाजातून आलेल्या इस्रायल झँगविल या लेखकाच्या १८९२ सालच्या कादंबरीत असे कितीतरी शब्द छापील इंग्रजीत उतरलेले दिसतात.

न्यूयॉर्कचे दार मात्र फार मोठे निघाले. १८८१ मध्ये रशियाच्या झारची हत्या झाल्यानंतर ज्यूंविरुद्ध दंगली उसळल्या, आणि तेव्हापासून १९२४ च्या कडक स्थलांतर कायद्यापर्यंत पूर्व युरोपातून वीस लाखांहून अधिक ज्यू अमेरिकेत आले. मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड भागात त्यांची दाट वस्ती झाली. १८९७ मध्ये तिथे 'फोरव्हेर्ट्स' हे यिडिश दैनिक निघाले, शिवणकामाचे कारखाने, हातगाड्या, खाणावळी आणि नाटकगृहे उभी राहिली, आणि या प्रत्येक ठिकाणाहून वेगळ्या प्रकारचे शब्द इंग्रजीत गेले. चिंधी या अर्थाचा 'श्माटे' कपड्यांच्या व्यवसायातून आला, 'बेगल' हा कड्याच्या आकाराचा पाव आणि 'ब्लिंट्झ' ही सारण भरलेली घावनासारखी गुंडाळी, हे शब्द खाणावळीतून आले. 'श्टिक', म्हणजे नटाची ठरलेली लकब किंवा तुकडा, रंगमंचावरून आला. कॅट्सकिल डोंगरातल्या ज्यू हॉटेलांत उमेदवारी केलेले विनोदी कलाकार पुढे दूरचित्रवाणीवर गेले, तेव्हा हे रंगमंचीय शब्द देशभर पोहोचले.

म्हणून शब्द हाती घेतला की तो ब्रिटिश आहे की अमेरिकी, हे आधी नोंदवावे. गप्प राहणे या अर्थाचा 'कीप श्टुम' हा प्रयोग ब्रिटनचा आहे. 'नॉश' ब्रिटनमध्ये सरसकट जेवणाखाण्याला म्हणतात, अमेरिकेत मात्र मधल्या वेळचे तोंडात टाकणे म्हणजे 'नॉश'. यिडिशमधील 'नाशन' या क्रियापदाचा अर्थ अमेरिकी वापराशी जुळतो. पूर्व लंडनमधील ब्रिक लेनवरच्या जुन्या दुकानांच्या पाट्यांवर आजही 'बायगल' असा उच्चार सुचवणारे वेगळे स्पेलिंग दिसते, हाही दोन दारांचाच परिणाम आहे.

दुसरी पायरी: तारखा लावून आख्यायिका तपासाव्यात

मोठ्या ऐतिहासिक शब्दकोशांत, विशेषतः ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत, प्रत्येक शब्दाचे छापील दाखले सालासह दिलेले असतात. व्युत्पत्तीचा कोणताही दावा या सालांसमोर उभा करावा. निम्म्या गोष्टी तिथेच गळून पडतात.

'बेगल'चे उदाहरण पाहू. १६८३ मध्ये व्हिएन्नाला पडलेला तुर्कांचा वेढा पोलंडचा राजा यान सोबिएस्की याने उठवला, तेव्हा त्याच्या सन्मानार्थ एका बेकरने रिकिबीच्या आकाराचा पाव केला आणि रिकिबीच्या जर्मन नावावरून 'बेगल' शब्द पडला, अशी कथा फार लोकप्रिय आहे. परंतु क्राकूव्ह शहरातील ज्यू समाजाच्या १६१० सालच्या नियमांत या पावाचा उल्लेख आलेला आहे. वेढ्याच्या त्र्याहत्तर वर्षे आधी जो पाव नावासकट अस्तित्वात होता, त्याचे नाव वेढ्यावरून पडणे शक्य नाही. शब्दाचे मूळ मध्ययुगीन जर्मनमधील 'कडे, वळे' या अर्थाच्या शब्दात आहे, आणि त्यामागे 'वाकवणे' हा धातू आहे. रिकिबीचा जर्मन शब्दही त्याच धातूपासून निघाला असल्यामुळे कथा रचणाऱ्याला आयता आधार मिळाला, इतकेच.

उलट दिशेचे उदाहरण 'मिशमॅश', म्हणजे खिचडी, सरमिसळ, या शब्दाचे आहे. यिडिशमध्ये 'मिशमाश' आहे, त्याची धाटणीही तशी वाटते, म्हणून तो यिडिशमधून आला असे बेधडक सांगितले जाते. पण हा शब्द इंग्रजीत पंधराव्या शतकापासून आहे, आणि त्या काळी इंग्लंडमध्ये ज्यूंची वस्तीच नव्हती. १२९० मध्ये त्यांना देशाबाहेर काढण्यात आले होते आणि सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते उघडपणे परतले नाहीत.

तिसरी पायरी: स्पेलिंगवर विश्वास न ठेवता ध्वनी पाहावेत

यिडिश शब्दांचे रोमन स्पेलिंग अनेकदा जर्मन वळणाने केलेले असते. त्यामुळे शब्द थेट जर्मनमधून आला असा भास होतो. अमेरिकेत जर्मन स्थलांतरितही लाखोंनी होते, तेव्हा ही शंका रास्तच आहे. 'निक्स' (काही नाही) आणि 'कपूट' (मोडलेले, निकामी) हे शब्द यिडिश वाटले तरी इंग्रजीत जर्मनमधून आले आहेत.

फरक ओळखण्यासाठी दोन खुणा नवशिक्याला पुरतात. प्रमाण जर्मनमध्ये ओठांचा चंबू करून उच्चारायचा जो 'इ'सारखा स्वर आहे, तो यिडिशमध्ये साधा 'इ' होतो. तुकडा या अर्थाचा जर्मन शब्द 'श्ट्युक' असा ऐकू येतो, यिडिश शब्द 'श्टिक' आहे, आणि इंग्रजीतही 'श्टिक'च आला. त्यावरून त्याचा रस्ता ठरतो. दुसरी खूण म्हणजे, जिथे प्रमाण जर्मनमध्ये 'प्फ' हा जोडध्वनी असतो, तिथे यिडिशमध्ये बहुधा नुसता 'प' किंवा 'फ' राहतो. डोक्याला जर्मनमध्ये 'कोप्फ' म्हणतात आणि यिडिशमध्ये 'कोप'. जिथे या खुणा लागू पडत नाहीत, जसे 'श्लेप' म्हणजे फरफटत ओढणे किंवा 'क्लट्झ' म्हणजे धांदरट माणूस, मुळात लाकडाचा ओंडका, तिथे केवळ ध्वनीवरून निर्णय होत नाही. मग पहिल्या दोन पायऱ्यांचा, म्हणजे दार आणि तारीख यांचा आधार घ्यावा.

चौथी पायरी: यिडिशमधला थर ओळखावा

सगळ्यांत अधिक वेळ याच पायरीला द्यावा, कारण खरी गंमत इथे आहे.

हिब्रू-अरामी थर ओळखण्याचे साधन यिडिशच्या लेखनपद्धतीतच आहे. जर्मन आणि स्लाव्ह मुळांचे शब्द यिडिशमध्ये उच्चाराप्रमाणे लिहितात, तर हिब्रू मुळाचे शब्द सामान्यतः जुन्या हिब्रू लेखनाप्रमाणेच ठेवतात, मग उच्चार कितीही बदललेला असो. मराठीत आपण 'ज्ञान' संस्कृतप्रमाणे लिहून 'द्न्यान' म्हणतो, त्यातलाच हा प्रकार आहे. शिवाय 'खेस', 'तोफ', 'सोफ' यांसारखी काही अक्षरे यिडिशमध्ये केवळ हिब्रू-अरामी मुळाच्या शब्दांतच येतात. त्यामुळे यिडिश कोशात शब्दाचे मूळ लेखन पाहिले की त्याचे कूळ बरेचदा लगेच कळते. त्यासाठी हिब्रू वर्णमाला शिकून घ्यावी. मुळाक्षरे बावीसच आहेत, चार-पाच दिवसांच्या सरावाने ती डोळ्यांत बसतात.

उच्चारातही एक नियमित फरक आहे. हिब्रूतील ज्या स्वराला आजच्या इस्रायलमध्ये 'आ' म्हणतात, त्याला अश्कनाझी परंपरेत बहुतेक ठिकाणी 'ओ' म्हणत; आणि 'ताव' या अक्षराचा जो उच्चार आजच्या इस्रायलमध्ये सर्वत्र 'त' आहे, तो त्या परंपरेत काही जागी 'स' होई. आधुनिक हिब्रूत धर्मनियमांनुसार योग्य अशा अन्नाला 'काशेर' म्हणतात. इंग्रजीत मात्र 'कोशर' आहे. तो 'ओ' सांगतो की शब्द हिब्रू असला तरी इंग्रजीपर्यंत युरोपातल्या ज्यूंच्या तोंडून पोहोचला. तसेच 'शब्बात' आणि 'शाबेस' हे एकाच शब्दाचे दोन उच्चार आहेत. 'खाली' या अर्थाच्या हिब्रू 'ताखात'चे यिडिशमध्ये 'तोखेस' झाले, अर्थ 'ढुंगण' असा ठरला आणि त्याचाच लाडिक संक्षेप इंग्रजीत 'टुश' म्हणून नांदतो. ताखात, तोखेस, टुश या साखळीत स्वराचा आणि 'त'चा असे दोन्ही बदल एकत्र पाहायला मिळतात.

'श्मूझ' हा शब्द सरावासाठी उत्तम आहे, कारण तो फसवतो. इंग्रजी स्पेलिंग अस्सल जर्मन वळणाचे आहे. यिडिशमध्ये 'श्मूएस' म्हणजे गप्पा आणि 'श्मूएसन' म्हणजे गप्पा मारणे. इथे क्रियापदाचा प्रत्ययही जर्मन आहे. पण मूळ शब्द हिब्रू 'शमुओत', म्हणजे ऐकीव गोष्टी, वार्ता. शेवटच्या 'त'चा 'स' वरील नियमाप्रमाणेच झाला आहे. हा शब्द इतका घरचा झाला की यिडिशमध्ये त्याचे लेखनही उच्चारानुसारी झाले, म्हणजे लेखनाची खूण इथे लागू पडत नाही आणि मुळाशी जाण्यासाठी कोशातील टीपच पाहावी लागते. ज्या 'ऐकणे' या धातूपासून तो निघाला, त्याच धातूचा 'शमा' हा शब्द कोकणातल्या बेने इस्रायलांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या 'शमा इस्रायल' या प्रार्थनेच्या आरंभी आहे. ऐकीव वार्तांचे गप्पा मारणे झाले, आणि आजच्या अमेरिकी इंग्रजीत 'श्मूझ करणे' म्हणजे कामापुरती गोड बोलून ओळख वाढवणे.

काही शब्द दोन थर शिवून झालेले असतात. 'श्लिमाझल', म्हणजे ज्याच्या नशिबाला कायमची साडेसाती आहे असा माणूस, यात 'श्लिम' म्हणजे वाईट हे जर्मन बोलीतले आणि 'माझल' म्हणजे नशीब हे हिब्रू. 'माझल' हा मुळात ग्रह-नक्षत्रांसाठीचा शब्द आहे, तेव्हा साडेसाती म्हणणे अगदीच अस्थानी नाही.

स्लाव्ह थर ऐकताच जाणवतो. 'नुडनिक' म्हणजे डोके पिकवणारा माणूस; त्यात कंटाळा या अर्थाचा पोलिश-रशियन शब्द आणि 'निक' हा व्यक्तिवाचक प्रत्यय आहे. हा प्रत्यय इंग्रजीत आधीपासून थोडाफार परिचित होता; ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने 'स्पुटनिक' सोडला आणि त्याची लाटच आली. २ एप्रिल १९५८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोचे स्तंभलेखक हर्ब केन यांनी रूढी झुगारणाऱ्या 'बीट' पिढीतल्या तरुणांसाठी 'बीटनिक' हा शब्द छापला. अशा वेळी प्रत्यय यिडिशचा की रशियनचा, असा वाद घालण्यापेक्षा दोन्हींचे नाव लिहावे. 'नेबिश' हा शब्दही स्लाव्ह थरातलाच. यिडिशमध्ये 'नेबेख' हा 'बिच्चारा!' असा उद्गार म्हणूनही वापरतात. इंग्रजीत तो पुळचट माणसाचे नाम झाला.

रोमान्स, म्हणजे जुन्या फ्रेंच-इटालियन बोलींचा, थर पातळ आहे, पण सर्वांत जुन्या थरांपैकी एक आहे. शनिवारसाठी आदल्या दिवशी चुलीवर चढवून रात्रभर मंद आचेवर ठेवायचा 'चोलंट' हा पदार्थ 'गरम' या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दाकडे नेतो.

पाचवी पायरी: अर्थाचे वळण टिपावे

नोंद करताना यिडिशमधला अर्थ आणि इंग्रजीतला अर्थ शेजारी शेजारी लिहावेत. 'क्वेच' म्हणजे इंग्रजीत सतत कुरकुरणे. यिडिशमध्ये त्याचा पहिला अर्थ दाबणे, पिळणे. 'श्माल्ट्झ' म्हणजे कोंबडीची किंवा हंसाची कढवलेली चरबी, आणि इंग्रजीत ऊतू जाणारी भावविवशता. 'हुत्स्पा' हिब्रूत आणि यिडिशमध्ये सरळसरळ निर्लज्ज उद्धटपणा आहे. आईबापांचा खून करून 'मी अनाथ आहे, दया करा' असे न्यायालयात म्हणणारा मुलगा हे त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण. अमेरिकी इंग्रजीत त्यात धाडसाचे कौतुक मिसळले, इतके की आज नोकरीच्या शिफारशीतही तो चांगल्या अर्थाने येऊ शकतो.

'श्मक' या शब्दाबाबत सावधगिरी बाळगावी. इंग्रजीत तो 'मूर्ख, हलकट' इतपत सौम्य झाला आहे, परंतु यिडिशमध्ये ती पुरुषाच्या जननेंद्रियावरची शिवी आहे आणि वडीलधाऱ्यांसमोर कोणी उच्चारत नाही. दागिना या अर्थाच्या जर्मन शब्दाशी त्याचे रूप जुळते म्हणून गोंडस कथा सांगितल्या जातात. त्या नोंदवहीत घेऊ नयेत.

'येन्टा' म्हणजे लग्ने जुळवणारी बाई, ही समजूतही चुकीची आहे. ते मुळात स्त्रीचे नाव असून, 'खानदानी, सुसंस्कृत' या अर्थाच्या रोमान्स शब्दापर्यंत त्याचा माग जातो. न्यूयॉर्कच्या यिडिश वृत्तपत्रातील एका विनोदी सदरातल्या भांडखोर पात्रामुळे त्याला चोंबडी, बडबडी बाई हा अर्थ चिकटला. पुढे १९६४ च्या 'फिडलर ऑन द रूफ' या संगीत नाटकात विवाह जुळवणाऱ्या पात्राचे नाव येन्टे ठेवले गेले आणि घोटाळा पक्का झाला. विवाह जुळवणाऱ्यासाठी यिडिशमध्ये 'शादखन' हा स्वतंत्र शब्द आहे.

उसने शब्द दिसत नाहीत, तिथेही पाहावे

काही वेळा शब्द इंग्रजी असतात आणि घडण यिडिश. 'डोक्यात भोक असण्याइतकीच मला त्याची गरज आहे', म्हणजे अजिबात नाही, हा अमेरिकी वाक्प्रचार यिडिश 'लोख इन कोप'चे शब्दशः भाषांतर आहे. शब्द दुहेरी करून दुसऱ्याच्या आरंभी 'श्म' लावण्याची पद्धतही यिडिशचीच: 'फॅन्सी-श्मॅन्सी'. आपल्या 'चहाबिहा'शी तिची गाठ घालण्याचा मोह होईल, पण 'बिहा'ने आपण 'वगैरे' सुचवतो, तर 'श्म' लावणारा समोरच्याचे म्हणणे उडवून लावत असतो.

शंका असेल तिथे शंका लिहावी

'ग्लिच', म्हणजे यंत्रातला अचानक उद्भवलेला छोटा बिघाड, हा शब्द १९६२ मध्ये अंतराळवीर जॉन ग्लेन यांच्या लेखनामुळे सर्वतोमुखी झाला. यिडिशमध्ये 'ग्लिटश' म्हणजे घसरण, निसरडी जागा. अर्थ जुळतो, ध्वनी जुळतो, तरी जबाबदार शब्दकोश 'कदाचित' हा शब्द सोडत नाहीत. खासगी गुप्तहेराला म्हणतात तो 'शेमस' प्रार्थनामंदिराच्या सेवकासाठी असलेल्या यिडिश 'शामेस'पासून आला की आयरिश पोलिसांतल्या शेमस या नावावरून, हे ठरलेले नाही. एखादी गोष्ट बंद पाडणे या अर्थाच्या इंग्रजी वाक्प्रचारातल्या 'कायबॉश'बद्दल यिडिशचा दावा फार जुना असून त्याला पुरावा मात्र कमकुवत आहे. अशा शब्दांसाठी वहीत वेगळे पान ठेवावे.

साधने आणि नोंदीचा नमुना

१९२५ मध्ये विल्ना (आजचे लिथुएनियातील विल्नियस) येथे स्थापन झालेली आणि १९४० पासून न्यूयॉर्कमध्ये असलेली 'यिवो' ही संस्था यिडिशच्या प्रमाण लेखनाचा आणि रोमन लिप्यंतराचा आधार मानली जाते; तिच्या पद्धतीतले रूप शोधले की इंग्रजी स्पेलिंगचा गोंधळ टळतो. यिडिश कोशांत उरिएल वाइनरायख यांचा १९६८ सालचा कोश नवशिक्याला सोयीचा आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यातील अ‍ॅमहर्स्ट येथील यिडिश बुक सेंटरने हजारो जुनी पुस्तके विनामूल्य वाचण्यासाठी ठेवली आहेत. भावना रंगवून सांगणारी विनोदी यिडिश शब्दांची पुस्तके अर्थच्छटेसाठी वाचावीत, व्युत्पत्तीसाठी नव्हे.

पूर्ण झालेली नोंद साधारण अशी दिसावी. पस्त्रामी: मसाला लावून, धुरावून शिजवलेले मांस. दार: न्यूयॉर्क, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेले रुमानियातील ज्यू. यिडिश रूप: पास्त्रामे. त्यामागे: रुमानियन पास्त्रामा. त्यामागे: बहुधा तुर्की पास्तिर्मा, 'दाबलेले', कारण मांस दाबून त्यातले पाणी काढीत. अर्थाचे वळण: रुमानियात हंसाचे आणि मेंढीचे मांसही वापरीत, न्यूयॉर्कमध्ये गोमांस रूढ झाले. शंका: शेवटचा 'ई' बहुधा 'सलामी' या शब्दाच्या सहवासाने आला असावा.